आत्याचे दात

४ जानेवारी

प्रिय आत्या,

हात धुऊन बसलोय तरी कागदाला प्लास्टर लागलंय, तेवढं झटकून वाच. फोन केला असता, पण फोनवर बोललेलं कुठे नोंदलं जात नाही म्हणून तू महत्त्वाचं काही फोनवर ऐकूनच घेत नाहीस, आणि हे महत्त्वाचं आहे.

मला नोकरी बदलायची आहे. कारण तुला माहीत आहे, तरी एकदा लेखी देतो. नऊ वर्षं झाली मी मास्तरांकडे कवळ्या बनवतोय. ‘बनवतोय’ हेसुद्धा उगाच म्हणायचं. डॉक्टरांकडून तोंडाचे ठसे येतात, मी त्यांत प्लास्टर ओतून साचा काढतो, मेणाची हिरडी करतो, दोन्ही बाजूंच्या दाढा बसवतो. मग मास्तर चष्मा कपाळावरून नाकावर घेतात, “सरक” म्हणतात, आणि पुढचे सहा दात स्वतः लावतात. मी लावलेली दाढ आजवर जगात कुणी पाहिलेली नाही. लोक हसतात तेव्हा दिसतात ते मास्तरांचे दात. मागच्या आठवड्यात पुन्हा विचारलं, “मास्तर, एकदा पुढचे सहा मी लावू का?” तर म्हणाले, “आधी दाढा नीट होऊ देत.” नऊ वर्षांत दाढा नीट झाल्या नसतील तर त्या आता कधी होणार?

मला एकदा तरी पुढचे सहा लावायचे आहेत, बाकी काही नको. म्हणून तीन ठिकाणी अर्ज टाकले. १८ तारखेला गुरुवारी सकाळी अकराला पहिली मुलाखत आहे. अडचण रजेची. आम्ही इथे तिघंच, मास्तर, मी आणि पॉलिशवाल्या बाई. एक गेला की काम अडतं, त्यामुळे मास्तर कारण विचारतात आणि उत्तर मिळेपर्यंत तोंडाकडे बघत राहतात. तू तेहतीस वर्षं रजेच्या टेबलावर बसलीस. हजारो कारणं तुझ्या हाताखालून गेली असतील. त्यातलं एखादं चांगलं, वापरलेलं, खात्रीचं कारण पाठव.

तुझा भाचा

*

८ जानेवारी

चिरंजीव भाचेबुवा,

पत्र मिळालं, प्लास्टर झटकलं, आवक क्रमांक एक घालून तुझ्या नावाची फाईल उघडली.

तेहतीस वर्षांत मी एवढंच पाहिलं की खोटं कारण देणारा माणूस स्वतःच्या हुशारीपायी फसतो. आमच्याकडे एक गृहस्थ होते, त्यांनी चार वर्षांत तीन सासरे मारले. चौथा अर्ज आला तेव्हा मी नुसतं विचारलं, “हे कितवे?” तर माणूस माझ्यासमोर बोटं मोजायला लागला. दुसऱ्या एकाने पाय मुरगळल्याचं सांगितलं आणि आठवडाभर रोज वेगळ्या पायाने लंगडला. तेव्हा नीट ऐक. कुणाला मारायचं नाही. ताप सांगायचा नाही, कपाळाला हात लावून बघणारी माणसं असतात. स्वतःला काही झालंय असं तर सांगायचंच नाही, कारण दुसऱ्या दिवशी तू त्यांच्यासमोर उभाच असतोस. कारण कंटाळवाणं हवं. ऐकणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारायची इच्छाच होऊ नये. आणि पुन्हा पुन्हा वापरता यायला हवं, एका मुलाखतीत कुणाचं भागत नाही.

माझा गुडघा घे. “आत्याचा गुडघा दाखवायचाय, बरोबर जायला दुसरं कुणी नाही.” दुसऱ्याच्या गुडघ्यात कुणालाही रस नसतो. डावा सांग. उजवा खरंच दुखतो, त्याचं नाव उगाच चारचौघांत नको.

आत्या

*

२० जानेवारी

प्रिय आत्या,

माफ कर. मी गुडघा पाठ करून गेलो होतो. वाटेत दोनदा म्हणूनही पाहिला. मास्तर मेण तापवत होते. मी म्हणालो, “मास्तर, गुरुवारी सुटी हवी होती, आत्याचा...” त्यांनी मान वर केली आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्या खोलीत चारी भिंतींच्या फळ्यांवर जबडे आहेत गं. समोर जबडे, मागे जबडे, माझ्या हातात एक. ‘गुडघा’ हा शब्दच आठवेना. तोंडातून निघालं, “आत्याचे दात.”

मास्तरांनी मेणाची वाटी खाली ठेवली. नऊ वर्षांत मी त्यांना मेणाची वाटी मध्येच खाली ठेवताना पाहिलं नव्हतं.

“कुठला?”

“खालची दाढ.”

“डावी का उजवी?”

“डावी.”

“हलते का किडलीय?”

“दोन्ही.”

“अरेरे,” मास्तर मनापासून म्हणाले. “वाचेलसं वाटत नाही. काढायलाच लागेल म्हणावं.” रजा मिळाली, वर पॉलिशवाल्या बाईंनी तुझ्यासाठी लवंगेचं तेल दिलं. ते माझ्याकडे आहे.

मुलाखतीचं मात्र काही खरं नाही. समोर दोघं होते. “नऊ वर्षांचा अनुभव! वा! पुढच्या दातांचं काही काम आणलंय?” मी म्हणालो, मी दाढा लावतो. “आणि पुढचे?” ते मास्तर लावतात. “नऊ वर्षं?” मग ते दोघं एकमेकांकडे बघत बसले आणि मी पाणी पिऊन निघालो. तुझी दाढ फुकट गेली.

तुझा भाचा

*

२४ जानेवारी

चिरंजीव,

दातओठ खाऊन लिहिते आहे, आणि ते मला खाता येतात हे आधी ध्यानात घे. अडुसष्टाव्या वर्षी माझे बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर आहेत. अजून आक्रोड फोडते. शिवताना दोरा कात्रीने कापत नाही. आमच्या इमारतीत माझ्या वयाच्या सहाजणी आहेत, त्या सगळ्यांच्या कवळ्या रात्री वाटीत जातात. मी गुडघा देऊ केला, तर तू नेमका त्याच वस्तूला हात घातलास जिचा मला अभिमान आहे! आणि तोही कवळ्यांच्या कारखान्यात!

जे झालं ते झालं. आता त्या एका दाढेवर थांब. “दाढेची जखम भरत नाहीये” एवढ्यावर तुला आणखी दोन मुलाखती काढता येतील. नवीन दात काढायचा नाही.

तेल परत कर.

आत्या

*

१७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

बसली आहेस ना? तुझे सात दात गेले.

मी तू सांगितलंस तेच म्हणालो, जखम भरत नाहीये. मास्तर म्हणाले, “मग शेजारच्या दाढेला लागलं असणार.” मी हो म्हणालो. “तिच्यावरच्या दाढेला आधार राहिला नसेल.” मी पुन्हा हो म्हणालो. ते आपल्याशीच पुढे पुढे जात राहिले आणि मी मागून माना डोलावत गेलो. त्यांना सगळं माहीत असतं, मला फक्त ‘हो’ म्हणायचं असतं. बघता बघता सुळ्यापर्यंत आलो. तिथे मी कसाबसा थांबलो, कारण सुळ्याचं मूळ फार लांब असतं असं त्यांनीच शिकवलंय.

दुसरी मुलाखतही गेली. तोच प्रश्न, तेच उत्तर. या वेळी समोरच्या बाईंनी विचारलं, “तुमचे मास्तर तुम्हाला पुढचे देत नाहीत, म्हणजे त्यांनी काहीतरी पाहिलं असेल ना?” घरी येईपर्यंत ते वाक्य कानात होतं. आत्या, मास्तरांनी खरंच काही पाहिलं असेल का? माझ्या हातातच नसेल तर?

तिसरी आहे ती मोठ्या कार्यशाळेत, चाळीस माणसं, आणि ते तोंडी काही विचारत नाहीत. ६ आणि ७ मार्च, दोन दिवस, पूर्ण कवळी लावायला देतात. पुढचे सहासुद्धा. पण दोन दिवस म्हणजे, तूच सांग, किती दात?

तुझा भाचा

*

२१ फेब्रुवारी

चिरंजीव,

हातात नसेल तर तिथे दोन दिवसांत कळेल, आणि असेल तर तेही कळेल. ते कळल्याशिवाय जगणं वाईट. म्हणून जा.

वरचे सगळे घे. खालच्या उरलेल्यांना हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे.

आत्या

*

९ मार्च

प्रिय आत्या,

मी पुढचे सहा लावले!

त्यांनी एक ठसा दिला, दातांचा एक डबा दिला आणि एका कोपऱ्यात बसवलं. दाढा मी दुपारपर्यंत संपवल्या, त्या आता डोळे मिटून होतात. मग सहा दात ओळीने कापडावर मांडले आणि अर्धा तास नुसता बघत बसलो. कुणी “सरक” म्हणेना. शेवटी मीच मनात “सरक” म्हणालो आणि सुरुवात केली.

सगळे सरळ लागले. इतके सरळ की ती कवळीच दिसायला लागली. मास्तर नेहमी म्हणतात, “सरळ दात जन्मतः कुणाला मिळत नाहीत. उजवीकडचा दुसरा दात किंचित आत वळव, म्हणजे ते दात त्या माणसाचे वाटतात, आपले नाही.” मला करायला दिलं नाही तरी बघायला दिलं होतं ना. दुसऱ्या दिवशी मेण गरम करून तो एक दात आत वळवला. नखभरसुद्धा नाही. आणि आत्या, समोर माणूस बसल्यासारखं वाटलं. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

आता वाईट बातमी. तुझे वरचे सगळे गेल्याचं मास्तरांनी ऐकलं. संध्याकाळी म्हणाले, “त्यांची कवळी आपण करू. ठसा घेऊन ये.” मी दाताच्या कण्या केल्या की तिला सवय झालीय, तिला नकोच आहे. ऐकेनात. शेवटी घाबरून मी काल मागच्या फळीवरचा एक जुना साचा उचलला, धूळ पुसली आणि तुझा म्हणून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो फिरवून फिरवून पाहिला. “आत्या बऱ्याच धिप्पाड दिसतात,” एवढंच म्हणाले.

आता काय करू?

तुझा भाचा

*

१२ मार्च

आदरणीय बाई,

ओळख नसताना लिहितो आहे. पत्ता रजेच्या जुन्या अर्जावरून घेतला. आपला भाचा माझ्याकडे काम करतो.

त्याने आपला म्हणून जो साचा आणला तो एका ट्रकचालकाचा आहे. ती कवळी मीच केली होती. मला माणसांचे चेहरे आठवत नाहीत, जबडे विसरत नाहीत. मी त्याला काही बोललो नाही. तो तीनदा रजेवर गेला आणि तिन्ही वेळा सकाळी किल्ली द्यायला आला तो फार नीट भांग पाडून, तेव्हा कुठे जातो याचा अंदाज मला आहे. आपल्याला एकच विचारायचं आहे, आणि उत्तर खरं द्यावं. आपल्याला दात आहेत का?

हे पत्र त्याला कळू देऊ नये.

त्याचे मास्तर

*

१६ मार्च

मास्तर यांस,

आपलं १२ तारखेचं पत्र मिळालं. आपण विचारलेली माहिती वैयक्तिक स्वरूपाची असून ती संबंधित व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय देता येत नाही. संबंधित व्यक्ती मी आहे आणि मी संमती दिलेली नाही. मी तेहतीस वर्षं रजेच्या टेबलावर काढली, कुठल्याही कागदावर खोटं लिहिलेलं नाही, आणि भाच्याला अडचणीत आणणारं खरंही लिहिणार नाही.

आता माझा एक प्रश्न. पुढचे सहा दात त्याला का देत नाही? त्याच्या हातात नाहीत का? तसं असेल तर तसं सांगा. आपल्या हातात काही नाही, या भीतीने पोर झुरतंय.

भाच्याची आत्या

*

१६ मार्च

चिरंजीव,

साचा जिथला होता तिथे ठेवून दे. कवळीचा विषय निघाला की “आत्या विचार करतेय” म्हण. सरकारी काम असो की घरचं, यावर सहा महिने सहज निघतात. माझ्याकडे नवीन काही नाही. पत्रंही कुणाची येत नाहीत.

धिप्पाड? मी?

आत्या

*

२२ मार्च

आदरणीय बाई,

आपल्या उत्तरावरून एवढं कळलं की आपल्याला दात आहेत, आणि पुष्कळ आहेत.

आपल्या प्रश्नाचं उत्तर देतो. त्याच्या हातात आहेत. पाच वर्षांपूर्वीच आले. याआधी माझ्याकडे तिघं शिकले. पहिल्याला पुढचे सहा दिले, तो वर्षभरात गेला. दुसरा सहा महिन्यांत. तिसऱ्याला जमले त्याच महिन्यात त्याने मिठाईचा डबा आणून दिला आणि निरोप घेतला. म्हणून याला दाढांवर ठेवला. आपला भाचा सकाळी आल्यावर स्वतःचा दिवा लावायच्या आधी माझ्या दिव्याची मान माझ्याकडे वळवतो. माझ्या उजव्या डोळ्याने कमी दिसायला लागलं आहे. हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही आणि त्यानेही कधी विचारलेलं नाही. असा माणूस पुन्हा मिळायचा नाही, म्हणून मी स्वार्थीपणा केला. आता तो त्याचमुळे निघाला आहे, हे मला दिसतं. त्याच्याशी कसं बोलावं ते कळत नाही. मला दातांशिवाय दुसरं बोलता येत नाही.

मास्तर

*

३० मार्च

प्रिय आत्या,

मी मेलो.

मोठ्या कार्यशाळेतलं कवळ्या पक्क्या करायचं यंत्र बंद पडलं. त्यांनी हातातली कामं आसपासच्या छोट्या जागी वाटली आणि सहा डबे आमच्याकडे आले. मास्तरांनी तिसरा डबा उघडला. आत माझी कवळी! परीक्षेला म्हणून त्यांनी मला एका खऱ्या पेशंटचं काम दिलं होतं, डॉक्टरांनी ते पासही केलं होतं. फुकटात कवळी करून घेतली लेकांनी.

मास्तरांनी ती खिडकीशी नेली. चष्मा नाकावर घेतला. आधी दाढा पाहिल्या, मग पुढे आले, आणि उजवीकडच्या दुसऱ्या दातावर अंगठा ठेवून तसेच उभे राहिले. ते वळण त्यांच्याशिवाय कुणी देत नाही, आणि त्यांनी ते दिलेलं नव्हतं. मी मेण नसलेल्या ठिकाणी मेण खरवडत होतो. बाहेरून आलेल्या कामात मास्तर काहीतरी सुधारल्याशिवाय राहत नाहीत, पण या कवळीला त्यांनी सुरी लावली नाही. होती तशी पक्की करायला टाकली. मग डब्यात एक चिठ्ठी घातली, मला दिसू दिली नाही, आणि म्हणाले, “आज लवकर बंद करू.”

आणि आजच मोठ्या कार्यशाळेचं पत्र आलं. ११ एप्रिलला शेवटच्या बोलण्यासाठी बोलावलंय. पुन्हा रजा हवी, आणि तुझ्या तोंडात तर काही शिल्लक नाही. गुडघा काढू का?

तुझा भाचा

*

३ एप्रिल

चिरंजीव,

गुडघा काढू नकोस. आता मी सांगते तसं कर. कागद घे, वर तारीख घाल, खाली सही कर आणि मध्ये लिही, “कारण: दुसऱ्या ठिकाणी नोकरीची मुलाखत.” तेहतीस वर्षांत माझ्या टेबलावर असा एकही अर्ज आला नाही. आला असता तर मी उठून त्या माणसाशी हात मिळवला असता. तुझ्या मास्तरांना फसवून जाऊ नकोस. का ते विचारू नकोस, माझं ऐक.

आणि एक बातमी आहे, हसायचं नाही. परवा बाहीला टाका घालत होते. दोरा दातात धरला, हिसका दिला, आणि दोऱ्याऐवजी दात तुटला. वरचा, उजवीकडचा, दुसरा. तू तीन महिने घेत होतास, शेवटी एक घेतलासच. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी ठसा घेतलाय आणि दात कुठे करून घ्यायचा विचारलं, तेव्हा मी तुमच्याच कार्यशाळेचा पत्ता दिला. सध्या तोंड मिटून फिरते. शेजारणींना वाटतं मी रागावलेय. निवृत्त झाल्यापासून लोक पहिल्यांदाच मला घाबरून आहेत, तेवढाच फायदा.

आत्या

*

१४ एप्रिल

प्रिय आत्या,

अर्ज दिला. मास्तरांनी तो दोनदा वाचला. पेन मागितलं. ‘मंजूर’ लिहिलं, सही केली, आणि म्हणाले, “इस्त्रीचा शर्ट घाल. मागच्या तिन्ही वेळेला कोपराला प्लास्टर होतं.” मग मला कळलं की त्यांना कळलं होतं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, “दाढा बघ, वाळतायत.”

मोठ्या कार्यशाळेतल्या साहेबांसमोर माझी कवळी होती आणि मास्तरांची चिठ्ठी. त्यांनी ती मोठ्याने वाचली. तशीच तुला उतरवून देतो: “काम उत्तम आहे. हात लावावासा वाटला नाही. ज्याने केलं त्याला सोडू नका. रजा मात्र द्यावी लागेल, त्याच्या आत्याचे दात नाजूक आहेत.” साहेब हसले. मला हसू येईना, मी चिठ्ठी मागून घेतली.

नोकरी दिली त्यांनी. सकाळी नऊ ते सहा, फक्त पुढचे सहा. दाढा दुसऱ्या रांगेत होतात, हिरड्या तिसऱ्या. मग साहेबांनी कवळी उचलून म्हटलं, “एक दुरुस्ती. हा दात वाकडा आहे. आमच्याकडे सगळे सरळ लागतात.” मी सांगायला लागलो की सरळ दात जन्मतः कुणाला मिळत नाहीत, ते आपले वाटले की काम फसलं, ते त्या माणसाचे वाटले पाहिजेत. पाव तास बोललो. मध्येच चष्मा नाकावर घ्यायला कपाळाकडे हात गेला. मला चष्मा नाही, आत्या.

नेमणुकीचं पत्र खिशात घालून दुसऱ्या दिवशी मास्तरांकडे कामावर गेलो. ठरवलेलं काही नव्हतं. माझ्या टेबलावर एक छोटा डबा होता, वर तुझ्या डॉक्टरांचं नाव. मास्तर माझ्याकडे न बघता म्हणाले, “तो तुझा आहे. यापुढे सगळे पुढचे तुझेच. जायचं असेल तर जा, चांगली जागा आहे. पण मी पुढचे दिले नाहीत म्हणून जाऊ नकोस. ते मी आधीच द्यायला हवे होते. चुकलो.” एवढं लांब बोलणं मी त्यांच्याकडून कधी ऐकलं नव्हतं. पॉलिशवाल्या बाईंनी मशीन बंद केलं होतं.

मी खुर्ची ओढली आणि मास्तरांना म्हणालो, “सरका.”

जात नाहीये मी. तुझा दात सोबत पाठवतोय, डॉक्टरांकडून बसवून घे. किंचित आत वळवलाय.

तुझा भाचा

*

२५ एप्रिल

आदरणीय बाई,

दात एव्हाना बसला असेल. त्यात माझा हात नाही. मी बाजूला बसून बघत होतो. हातावर हात ठेवून बघणं फार कठीण काम आहे, आपला भाचा ते नऊ वर्षं कसं करत होता कोण जाणे.

एक विचारायचं होतं. हे दुकान टाकल्याला एकतीस वर्षं झाली, मी एकदाही रजा घेतलेली नाही. पुढचे सहा अडले असते. आता अडत नाहीत. तेव्हा ९ मे रोजी, गुरुवारी, एक दिवस आपल्याकडे यावं, तो दात जागेवर कसा दिसतो ते एकदा पाहावं असं मनात आहे. आपली हरकत नसेल तर. परंतु त्याला कारण काय सांगावं? तुझं काम तपासायला चाललो म्हटलं तर त्याला अविश्वास वाटेल, आणि नुसतं आपल्याला भेटायला म्हटलं तर पॉलिशवाल्या बाई हसतील. या बाबतीत आपला अनुभव मोठा आहे.

मास्तर

*

२९ एप्रिल

मास्तर यांस,

हरकत नाही. दात बसला आहे. काल इमारतीतल्या सहाहीजणींना एका रांगेत बसवून मी तोंड उघडलं आणि यातला कुठला खोटा ते ओळखा म्हटलं. तिघींनी खालची दाढ दाखवली, दोघींनी सुळा. सहावी म्हणाली, तुझ्या तोंडात खोटं काही असूच शकत नाही. त्यांना कुणाला तो सापडला नाही. हे त्याला सांगा, मी सांगितलं तर आत्या म्हणून सांगतेय असं वाटेल.

आता कारणाचं. मी त्याला गुडघा दिला होता, पण तुमच्या खोलीत गुडघा चालत नाही हे सिद्ध झालं आहे. तिथे एकच कारण चालतं आणि त्यावर आजवर एकही रजा नामंजूर झालेली नाही. तेव्हा मेणाची वाटी खाली ठेवा, त्याच्याकडे बघा, आणि म्हणा, “गुरुवारी सुटी हवी होती. आत्याचे दात.”

तो डावी का उजवी विचारेल. वरचा, उजवीकडचा, दुसरा. गडबडून जाऊ नका. या वेळी ते खरं आहे.

आत्या